किरकोळ दुखापत आणि अपघात विभागातील ताटकळणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोट कापले, पाय मुरगळला, डोक्याला खोक पडली, की घरात पहिली चर्चा हीच होते की आत्ता रुग्णालयात जायचे की सकाळपर्यंत थांबायचे. अपघात विभागात गेले तर चार-पाच तास बाकावर बसून राहावे लागेल, अशी धास्ती बहुतेकांना असते. त्या धास्तीपोटी काही जण खरोखर गरज असताना घरी बसतात. काही जण मात्र, ज्या जखमेचे काम वाहते पाणी, स्वच्छ पट्टी आणि दुसऱ्या दिवशी फॅमिली डॉक्टरांची भेट एवढ्यात भागले असते, तिच्यासाठी रात्र जागून काढतात. पुढील उत्तरे हा निर्णय घेण्यास मदत व्हावी म्हणून लिहिली आहेत. रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले, तर त्यांचेच ऐकावे.

जायचे की थांबायचे, हे मुळात कशावरून ठरवावे?

आपण सहसा दोन गोष्टींवरून ठरवतो : रक्त किती आले आणि दुखते किती. या दोन्ही गोष्टी फसव्या आहेत. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, त्यामुळे तिथली अर्ध्या इंचाची खोकही शर्ट भिजवते आणि पाहणाऱ्याचा धीर सुटतो; पण दहा मिनिटे दाबून धरल्यावर ती बहुधा थांबते. उलट, खोल भाजलेल्या जागी मज्जातंतूच जळलेले असल्यामुळे तिथे वेदना जवळजवळ नसते, आणि रुग्ण ‘फारसे दुखत नाही’ म्हणून निर्धास्त राहतो.

त्याऐवजी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही दुखापत उद्या सकाळी दाखवली, तर आज दाखवण्याच्या तुलनेत काय गमवावे लागेल? काही दुखापतींत तासागणिक नुकसान वाढत जाते. डोळ्यात गेलेले रसायन, रक्तपुरवठा थांबलेले बोट, कवटीच्या आत साचणारे रक्त ही त्यांची उदाहरणे होत. काही दुखापतींत बारा तासांनी काहीच बिघडत नाही, फक्त रात्र त्रासाची जाते. पहिल्या प्रकारात रांग कितीही लांब असली तरी तिथे बसलेच पाहिजे. दुसऱ्या प्रकारात घरी पाय उंच ठेवून झोपणे हाच चांगला उपचार असतो.

हे नुकसान ओळखण्यासाठी जखमेच्या पुढचा भाग तपासावा, म्हणजे जखम मनगटावर असेल तर हाताची बोटे आणि घोट्यावर असेल तर पायाची बोटे पाहावीत. तो भाग नेहमीसारखा हलतो का, तिथे स्पर्श कळतो का, आणि त्याचा रंग व ऊब दुसऱ्या बाजूसारखीच आहे का? नखावर दाब देऊन सोडला, की पांढरे पडलेले नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. या तीनपैकी एकाही गोष्टीत फरक दिसला, तर जखम कितीही लहान असली तरी ती किरकोळ मानू नये.

कोणत्या प्रसंगी हा विचार करत बसायचेच नाही?

माणूस बेशुद्ध असेल, असंबद्ध बोलत असेल किंवा त्याला आकडी आली असेल; श्वास घेणे जड जात असेल; रक्त उसळ्या मारत येत असेल किंवा घट्ट दाबूनही थांबत नसेल; छाती, पोट किंवा मानेत काही घुसले असेल; पडल्यानंतर मान किंवा पाठ दुखून हातापायांतली शक्ती कमी झाली असेल; हात वा पाय वेडावाकडा झाला असेल अथवा पांढरा-थंड पडला असेल; तर थेट ॲम्ब्युलन्स बोलवावी. आत घुसलेली वस्तू काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण बऱ्याचदा तिनेच रक्तस्राव अडवून धरलेला असतो. बोटाचा तुकडा तुटला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकड्याला बर्फ थेट लागू देऊ नये.

मी आधी आलो, तरी माझ्यानंतर आलेल्यांना आधी आत का घेतात?

अपघात विभागात आल्याच्या क्रमाने नंबर लागत नाही. दारातच एक परिचारिका प्रत्येकाची थोडक्यात तपासणी करते आणि तातडीनुसार वर्गवारी करते. या पद्धतीला ट्रायाज म्हणतात. ‘निवडणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला, आणि नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक लारे यांनी रणांगणावर हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहून उपचारांचा क्रम लावला, तिथे या पद्धतीचे मूळ सांगितले जाते. आज अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या मँचेस्टर पद्धतीत पाच रंग असतात. लाल रंगाच्या रुग्णाला तत्काळ पाहायचे असते, नारिंगीला १० मिनिटांत, पिवळ्याला एका तासात, हिरव्याला दोन तासांत आणि निळ्याला चार तासांत. ही उद्दिष्टे आहेत. गर्दीच्या दिवशी हिरव्या आणि निळ्या रंगाच्या रुग्णांची वेळ याहून पुष्कळ लांबते.

म्हणून लांबलेले ताटकळणे हा एका अर्थी दिलासाही असतो, कारण प्रशिक्षित नजरेने तुमच्याकडे पाहून ‘याला थोडा वेळ थांबता येईल’ असे ठरवलेले असते. पण तो निर्णय त्या क्षणाचा असतो, हे विसरू नये. तासाभराने तुमची स्थिती बदलली, तर ते परिचारिकेला आपणहून सांगावे लागते.

ॲम्ब्युलन्सने गेले तर लवकर नंबर लागतो का?

नाही. ॲम्ब्युलन्समधून आलेल्या रुग्णाचीही तीच वर्गवारी होते आणि मुरगळलेला पाय घेऊन आलेला रुग्ण त्याच बाकावर येऊन बसतो. मधल्या वेळात ती गाडी हृदयविकाराच्या एखाद्या रुग्णाला मिळाली नाही, तर त्याची किंमत कोणी तरी मोजतो. चालता येत असेल किंवा कोणी गाडीने नेऊ शकत असेल, तर तसेच जावे.

जखमेला टाके लागतील की नाही, हे घरी कसे ओळखावे?

आधी रक्त थांबवावे. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटे दाबावे, आणि मधे एकदाही उचलून पाहू नये. दर मिनिटाला डोकावून पाहिल्याने नुकतीच धरू लागलेली गुठळी प्रत्येक वेळी सुटते, आणि मग ‘रक्त थांबतच नाही’ असे वाटू लागते. दहा मिनिटांनीही वाहत असेल तर आणखी दहा मिनिटे दाबावे. तरीही थांबले नाही, तर रुग्णालयात जावे.

रक्त थांबल्यावर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली नीट धुवावी. पिण्यायोग्य नळाचे पाणी या कामाला पुरेसे असते. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत ओतल्याने जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशीही मरतात, म्हणून ते टाळावे. मग जखम नीट पाहावी. कडा आपोआप जुळून राहत असतील आणि जखम उथळ असेल, तर चिकटपट्टीने कडा जवळ आणून भागते. कडा उघड्या राहत असतील, आत पिवळसर चरबी किंवा पांढरी चमकदार दोरी (स्नायूला हाडाशी जोडणारा स्नायुबंध) दिसत असेल, जखम सांध्यावर असून हालचालीबरोबर उघडत असेल, किंवा ओठाच्या कडेवर अथवा पापणीवर असेल, तर टाक्यांसाठी गेले पाहिजे. काच फुटून झालेल्या जखमेत तुकडा राहिल्याची शंका असेल, तरी तपासून घ्यावे. काच बहुतेक वेळा एक्स-रेमध्ये दिसते, लाकडाची फास मात्र सहसा दिसत नाही.

येथे एक अनुभव सांगणे गरजेचे वाटते. काचेचा पेला आत हात घालून विसळताना तो माझ्या हातात फुटला. उजव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने, जेमतेम दीड सेंटिमीटरची चीर पडली. पाच मिनिटांत रक्त थांबले, दुखणेही फारसे नव्हते, आणि एवढ्याशा जखमेसाठी रात्री कोण ताटकळणार म्हणून मी पट्टी लावून झोपून गेलो. दोन दिवसांनी शर्टाचे बटण लावताना लक्षात आले की बोटाचे शेवटचे पेर वाकतच नाही. मधला सांधा वाकत होता, म्हणून तोवर शंका आली नव्हती. आतला स्नायुबंध तुटलेला होता, त्यासाठी शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे कित्येक आठवडे बोट पट्टीत बांधून व्यायाम करावे लागले. तेव्हापासून मी हात कापलेल्या प्रत्येकाला सांगतो की बोटाचे प्रत्येक पेर वेगवेगळे धरून, एकेक सांधा स्वतंत्रपणे वाकवून आणि सरळ करून पाहा, आणि डोळे मिटून बोटाच्या दोन्ही कडांना कापसाचा स्पर्श कळतो का तेही पाहा. या तपासणीला एक मिनिट लागते, आणि हाताच्या जखमेत तिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही.

रात्र झाली आहे. टाके सकाळी घातले तर चालतील का?

‘सहा तासांच्या आत टाके पडलेच पाहिजेत’ हा समज फार जुना आहे. १८९८ साली जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिख यांनी गिनिपिगांच्या जखमांवर केलेल्या प्रयोगांमधून तो रूढ झाला. आज डॉक्टर वेळेबरोबरच जखमेची जागा, तिची स्वच्छता आणि रुग्णाची प्रकृती यांचाही विचार करतात. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे तेथील स्वच्छ जखम २४ तासांपर्यंतही शिवता येते. हातापायांच्या जखमा त्याआधी, शक्यतो १२ तासांच्या आत दाखवाव्यात. त्यामुळे रात्री अकराला झालेली, स्वच्छ धुतलेली, रक्त थांबलेली आणि पुढच्या भागाची हालचाल व संवेदना शाबूत असलेली जखम ओलसर पट्टीखाली झाकून सकाळी लवकर दाखवली, तर बहुधा काही बिघडत नाही. मधुमेह असेल, जखम मातीने माखलेली असेल किंवा चिरडून झालेली असेल, तर मात्र सकाळची वाट पाहू नये.

पाय मुरगळला आहे आणि घोटा टम्म सुजला आहे. एक्स-रे काढायलाच हवा का?

सुजेवरून हाड मोडले की नाही हे कळत नाही. नुसत्या लचकलेल्या घोट्यावरही अंड्याएवढी सूज येते. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी एक साधा नियम प्रसिद्ध केला. तो जगभर पडताळून पाहिला गेला असून हाड मोडलेले रुग्ण त्यातून फारच क्वचित सुटतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची गाठ हाताला लागते, तिचे टोक आणि तिथून वर सहा सेंटिमीटरपर्यंतची मागची कड बोटाने दाबून पाहावी. त्याचप्रमाणे पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर असलेला हाडाचा उंचवटा आणि आतल्या बाजूला घोट्याच्या जरा पुढे असलेले हाड दाबावे. यांपैकी कुठेही नेमके हाडावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि आताही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. लंगडत टाकलेली चार पावलेही यात धरली जातात. दुखणे फक्त हाडाच्या पुढच्या मऊ भागात असेल आणि चालता येत असेल, तर मोडण्याची शक्यता फार कमी असते.

हा नियम प्रौढांसाठी आहे. मद्य घेतलेल्या व्यक्तीला किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीला तो लावू नये, कारण तिथे ‘दुखत नाही’ या उत्तरावर विसंबता येत नाही.

आणि एक्स-रे लागणार असेल, तरी तो मध्यरात्रीच काढायला हवा असे नाही. पाऊल सरळ दिसत असेल, बोटे उबदार आणि गुलाबी असतील, कातडी फाटलेली नसेल, तर पाय उंच ठेवून, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावून, त्यावर भार न देता सकाळी गेले तरी उपचारात फरक पडत नाही.

हातावर पडल्यावर मनगट दुखते, पण सूज नाही. दुर्लक्ष करावे का?

अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा दिसतो. तो खळगा दाबल्यावर दुखत असेल, तर स्कॅफॉइड नावाचे काजूएवढे हाड मोडल्याची शंका घ्यावी. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळते; मधोमध मोडले तर अलीकडच्या तुकड्याचा पुरवठा तुटतो आणि तो मरू शकतो. शिवाय पहिल्या दिवसाच्या एक्स-रेमध्ये ही भेग बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून मनगट पट्टीत बांधून १०-१४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. रात्रीच पळण्याची गरज नाही, पण एक-दोन दिवसांत दाखवलेच पाहिजे, आणि पहिला एक्स-रे चांगला आला म्हणून दुसरा टाळू नये.

डोक्याला मार लागला, पण माणूस हिंडतो-फिरतो आहे. तरीही जायचे का?

थांबण्याचा निर्णय सर्वांत जपून घ्यावा तो येथेच. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तिथे मार लागून ती फाटली, तर माणूस थोडा वेळ अगदी नेहमीसारखा बोलतो, हसतो, ‘मला काही झाले नाही’ म्हणतो, आणि आत रक्त साचत राहते. अभिनेत्री नताशा रिचर्डसन २००९ साली कॅनडात बर्फावर स्की करायला शिकताना पडल्या. सुरुवातीला बरे वाटत असल्याने त्यांनी वैद्यकीय मदत नाकारली, काही तासांत त्यांची प्रकृती ढासळली आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. असे प्रकार विरळ असतात. पण बरे दिसणारा माणूस बराच आहे असे येथे गृहीत धरता येत नाही, एवढे त्यावरून समजावे.

क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, घडलेला प्रसंग आठवत नसेल, एकापेक्षा अधिक वेळा उलटी झाली असेल, डोकेदुखी वाढत चालली असेल, झोपाळूपणा किंवा चिडचिड नेहमीपेक्षा वेगळी वाटत असेल, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसत असेल, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येत असेल, डोळ्यांभोवती वा कानामागे आपोआप काळेनिळे पडले असेल, तर तत्काळ जावे. एक मीटरहून अधिक उंचीवरून किंवा पाच पायऱ्यांहून पडलेल्यांनी, ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी यांपैकी एकही लक्षण नसले तरी तपासून घ्यावे. वॉरफरिन, अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, क्लोपिडोग्रेल ही अशा औषधांची नावे आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर ती आहेत का, हे आजच पाहून ठेवावे.

यांपैकी काहीच नसेल, तर घरी राहता येते. मात्र पहिले २४ तास एक जबाबदार माणूस सोबत असावा. झोपू देण्यास हरकत नाही. वृद्धांच्या बाबतीत हे लक्ष काही आठवडे ठेवावे, कारण त्यांच्यात मेंदूभोवती रक्त अतिशय सावकाश साचते, आणि महिन्याभराने चाल अडखळू लागली किंवा विसरभोळेपणा एकाएकी वाढला तर तो वयाचा परिणाम म्हणून सोडून दिला जातो.

भाजल्यावर कधी जावे?

आधी वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरावे. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो, आणि त्यामुळे जखमेची खोली खरोखर कमी होते. बर्फ, टूथपेस्ट, तेल, शाई यांपैकी काहीही लावू नये. सुजण्यापूर्वी अंगठी आणि बांगड्या काढाव्यात. त्यानंतर क्षेत्रफळ पाहावे : रुग्णाचा स्वतःचा बोटांसकट पंजा म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का भाग. फोड आलेली जागा त्या पंजाहून मोठी असेल; चेहरा, हात, पावले, गुप्तांग किंवा मोठा सांधा भाजला असेल; जागा पांढरी, चामड्यासारखी वा काळी पडली असेल; रसायनाने किंवा विजेने भाजले असेल; अथवा रुग्ण लहान मूल वा वृद्ध असेल, तर जावे. विजेच्या धक्क्यात बाहेर ठिपक्याएवढी खूण असली, तरी आत स्नायू आणि हृदय यांना इजा झालेली असू शकते. नुसते लाल झाले असेल आणि आग होत असेल, तर घरी राहावे.

कुत्रा किंवा मांजर चावले, पण जखम अगदी लहान आहे. रांगेत बसण्याइतके ते महत्त्वाचे आहे का?

होय, आणि येथे जखमेचा आकार पाहूच नये. सर्वप्रथम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. लक्षणे येण्यास बहुधा दोन-तीन महिने लागतात, आणि लस तेवढ्या अवधीत संरक्षण उभे करते. म्हणून त्याच दिवशी लस सुरू करावी. कातडी फाटून रक्त आले असेल, तर लशीबरोबर जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते, ते आवर्जून विचारावे. लसीकरण केंद्र वेगळे असेल आणि ते त्याच दिवशी उघडे असेल, तर अपघात विभागात ताटकळण्याचे कारण नाही. मांजराचे दात सुईसारखे असल्यामुळे भोक लहान आणि खोल असते, आणि २४ तासांच्या आत हात लाल होऊन ठणकू लागू शकतो. भांडणात ठोसा मारताना समोरच्याचा दात लागून बोटाच्या पेरावर जखम झाली असेल, तर तोही चावाच समजावा.

धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी रात्रीच जावे लागते का?

सहसा नाही. धनुर्वाताचे जंतू शरीरात गेल्यावर लक्षणे दिसण्यास साधारण ३ ते २१ दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी फॅमिली डॉक्टरांकडे इंजेक्शन घेतले तरी चालते. लहानपणीच्या लशी पूर्ण झाल्या असतील, तर स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटच्या मात्रेला १० वर्षे आणि मातीने माखलेल्या वा खोल जखमेसाठी ५ वर्षे होऊन गेली असल्यास बूस्टर लागतो. दर खरचटण्याला इंजेक्शन घेण्याची गरज नसते. लशी कधी झाल्याच नसतील, किंवा झाल्या की नाही हेच माहीत नसेल, तर मात्र लवकर दाखवावे.

डोळ्याला किंवा दाताला लागले तर?

डोळ्यात रसायन गेले असेल तर निघण्यापूर्वीच, जागच्या जागी, पापण्या उघड्या धरून किमान २० मिनिटे पाण्याची धार सोडावी. चुना आणि नाली साफ करण्याच्या पावडरीसारखे क्षार ॲसिडपेक्षाही खोलवर जातात. हातोडी मारताना किंवा लोखंड घासताना काही उडाल्यासारखे वाटले असेल, तर डोळा फारसा दुखत नसला तरी जावे. अंधूक दिसणे, दोन-दोन दिसणे, बाहुलीचा आकार बदलणे यांपैकी काही असेल तर थांबू नये.

पक्का दात मुळासकट निघाला असेल तर तो वरच्या पांढऱ्या भागाने धरून, हलकेच धुऊन लगेच खाचेत परत बसवावा, किंवा दुधात ठेवून दंतवैद्याकडे धाव घ्यावी. अर्ध्या तासात बसवला तर तो जगण्याची शक्यता सर्वाधिक असते. दुधाचा दात परत बसवू नये.

लहान मुलांसाठी हेच निकष लावावेत का?

तंतोतंत नाही. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ पट्टा असतो. मोठ्या माणसाचा जिथे सांधा लचकतो, तिथे मुलाचा तो पट्टा दुखावतो, आणि त्यामुळे पुढे हाडाची वाढ बिघडू शकते. मूल दुसऱ्या दिवशीही हात वापरत नसेल किंवा पाय टेकत नसेल, तर दाखवावेच. पाच वर्षांखालच्या मुलाला हाताला धरून वर उचलले किंवा ओढले, आणि मग ते हात अंगाशी लोंबता ठेवून हलवू देईना, तर कोपराचे हाड जागेवरून सरकलेले असते. डॉक्टर ते काही क्षणांत बसवतात आणि थोड्या वेळाने मूल खेळू लागते. एक वर्षाखालच्या बाळाच्या डोक्याला मार लागला, तर तपासून घेणे इष्ट. घड्याळातली किंवा रिमोटमधली चपटी, बटणासारखी बॅटरी मुलाने गिळल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता निघावे. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून जाळू लागते.

आणि पालकाला ‘हे मूल आज नेहमीसारखे नाही’ असे आतून वाटत असेल, तर ते तसेच परिचारिकेला सांगावे. अनुभवी परिचारिका हे वाक्य गांभीर्याने घेतात.

जाण्यापूर्वी वेदनाशामक घेतले तर डॉक्टरांना निदान करता येत नाही, हे खरे आहे का?

मोडलेले हाड गोळीने लपत नाही. यकृताचा विकार नसलेल्या प्रौढाने पॅरासिटामॉलची ५०० ते १००० मिलिग्रॅमची मात्रा घेऊन निघावे, फक्त किती वाजता घेतली ते लिहून ठेवावे आणि २४ तासांत एकूण ४००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. रक्तस्राव होत असेल किंवा डोक्याला मार असेल, तर ॲस्पिरिन टाळावी. खाण्याची गोष्ट वेगळी आहे. हाड बसवणे किंवा शस्त्रक्रिया यांसाठी भूल द्यावी लागेल असे वाटत असेल, तर परिचारिकेला विचारल्याशिवाय काही खाऊ नये, कारण साधारणपणे भुलीआधी सहा तास अन्न आणि दोन तास पाणी वर्ज्य असते.

बाकावर बसल्यावर काय करावे?

दुखावलेला हात हृदयाच्या वर धरावा, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवावा. सुजणाऱ्या बोटातली अंगठी साबण लावून लगेच काढावी; दोन तासांनी ती कापावी लागते. नियमित औषधांची यादी, ॲलर्जी आणि शेवटच्या धनुर्वात इंजेक्शनचे साल कागदावर लिहून जवळ ठेवावे, कारण थकलेला माणूस आयत्या वेळी नेमके हेच विसरतो.

पुढील बदल झाल्यास मात्र जागेवरून उठून परिचारिकेला गाठावे : पट्टी पुन्हा भिजणे, बोटे बधिर, थंड किंवा निळसर होणे, उलटी, गुंगी, छातीत दुखणे, श्वास लागणे. पोटरी किंवा हात चिरडला असेल आणि तो दगडासारखा कडक होऊन, गोळी घेऊनही वेदना वाढतच चालल्या असतील, बोटे दुसऱ्याने ताणली की कळ असह्य होत असेल, तर स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यातला दाब वाढलेला असू शकतो. तिथे काही तासांत स्नायू मरतात. अशा वेळी ‘सगळेच थांबले आहेत, मीच कशाला कटकट करू’ हा भिडस्तपणा बाजूला ठेवावा आणि ‘मघापेक्षा वाढले आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

तीन तास झाले, बरेही वाटते आहे. निघून जावे का?

निघण्यापूर्वी परिचारिकेला गाठून विचारावे की मला कोणत्या शंकेमुळे थांबवले आहे, आणि ती तपासणी उद्या दुसरीकडे झाली तर चालेल का. बहुतेक वेळा सरळ उत्तर मिळते. घोटा मुरगळलेल्याला ‘सकाळी या’ असे सांगण्यास त्यांना अडचण नसते. डोक्याला मार लागलेल्याला किंवा बोट बधिर झालेल्याला त्या तसे सांगत नाहीत. न सांगता गेलात तर तुमचे नाव पुकारले जात राहते, आणि कोणी स्वच्छतागृहात बेशुद्ध पडले आहे का, याचा शोध घ्यावा लागतो.

घरी परतल्यावर जखम ४८ तासांनी उघडून पाहावी. कडेला थोडी गुलाबी रेघ असणे स्वाभाविक आहे. पेनाने त्या लालीची सीमा आखून ठेवावी. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेलेली दिसली, पू आला, ठणका वाढला, ताप भरला किंवा हातावरून वर जाणारी लाल रेषा दिसली, तर त्याच दिवशी पुन्हा जावे.